‘फक्त रंग जरा…’

निसर्गचित्र पुरं झालं की चित्रकार ते कुणाला तरी दाखवतो आणि विचारतो, ‘कसं झालंय?’ उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं: ‘छान! फक्त रंग जरा…’ मग घरी जाऊन त्या रंगावर आणखी दोन हात चढतात आणि बरं चाललेलं चित्र मळतं. अभिप्राय घेण्याबद्दलचे काही समज त्याला कारणीभूत आहेत.

गैरसमज: ज्या रंगावर बोट ठेवलं, तोच चुकलेला असतो.

पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात भिंतीवर लावायचे चित्रपडदे (टॅपेस्ट्री) विणले जात. रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल १८२४ पासून तिथे रंगाईचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळ्या धाग्याला गडदपणा नाही. शेव्रल यांनी दुसरीकडचे काळे धागे आणून शेजारी ठेवून पाहिले. गोबेलँचा काळा कुठेच कमी नव्हता. मात्र तो निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांमध्ये सावली म्हणून विणला जात होता आणि शेजारचे रंग त्याचा जोर खात होते. यातूनच १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधावरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. थोडक्यात, तक्रार खरी होती, निदान चुकीचं होतं.

‘शेताचा हिरवा फार भडक झालाय’ असं कुणी म्हणालं, तर आधी कागदाला लहान भोक पाडा आणि त्यातून तो हिरवा एकटा बघा. पुष्कळदा तो अगदी साधा निघतो. त्याला भडक करणारी शेजारची तांबूस वाट असते. हात तिथे फिरवायचा.

गैरसमज: सावली निळी दाखवली की काम झालं.

सावलीत काळा ओतू नये, हा धडा सगळ्यांनी गिरवलाय. आता त्याचं दुसरं टोक गाठलंय, जिथे तिथे अल्ट्रामरीन! वाईजवळच्या मेणवली घाटावर निरभ्र सकाळी सावलीतल्या पायऱ्या नीट बघा. पायरीचा आडवा भाग आकाशाकडे तोंड करून असतो, म्हणून काळ्या दगडावरही निळसर झाक येते. उभ्या भागावर मात्र समोरच्या उन्हातल्या जमिनीचा उजेड उलटून येतो आणि तो किंचित ऊबदार दिसतो. म्हणजे एकाच सावलीत दोन रंग. आषाढात आभाळ भरलेलं असताना त्याच घाटावर सावलीला धड कडही नसते, निळा आणायचा कुठून? तेव्हा ‘सावल्या अजून निळ्या कर’ असं सांगणाऱ्याला आधी विचारावं, त्या दिवशी आभाळ कसं होतं ते माहीत आहे का?

गैरसमज: मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की उजेडाचा निकाल लागतो.

युक्ती चांगली आहे. रंगाची म्हणून सांगितलेली चूक बरेचदा टोनची, म्हणजे उजळ-गडदपणाची असते आणि ती अशा फोटोत लगेच पकडली जाते. डोळे किलकिले करूनही तेच साधतं. पण हा काही अंतिम न्याय नव्हे. क्लोद मोने यांच्या १८७२ च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्रातला केशरी सूर्य कृष्णधवल केला तर भोवतालच्या करड्या आकाशात जवळजवळ हरवतो. दोघांची उजळता सारखी आहे. तो सूर्य पेटतो केवळ रंगामुळे! आज मोनेनं ते चित्र एखाद्या शिबिरात दाखवलं असतं, तर ‘सूर्य पांढरा कर’ हा सल्ला हमखास मिळाला असता.

गैरसमज: दोघांनी उलटसुलट सांगितलं, तर दोघांनाही कळत नाही.

एक म्हणतो आकाश फिकं कर, दुसरा म्हणतो झाड गडद कर. दोघांचं दुखणं एकच आहे: झाड आणि आकाश यांच्यातला फरक कमी पडलाय. उपाय एकच निवडायचा. दोन्ही केले तर झाड कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसेल.

गैरसमज: रंगातलं कळणाऱ्यालाच विचारावं.

जाणकाराकडून उपाय मिळतो, हे खरं. पण उजेड पटतो की नाही, हे उन्हातान्हात वावरणारा कुणीही सांगू शकतो. त्याला ‘कसं वाटलं’ विचारू नका. ‘चित्रात किती वाजलेत? ऊन कुठून येतंय?’ एवढंच विचारा. संध्याकाळ रंगवली आणि समोरचा ‘दुपार’ म्हणाला, तर सावल्यांची लांबी आणि उन्हाचा पिवळा तपासायला घ्या. प्रत्यक्ष जागी उभं राहून शेरे मारणाऱ्यांना मात्र वेळ आधीच सांगावी, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. नऊचं ऊन रंगवणाऱ्याला अकराच्या उन्हावरून नापास करणारे पुष्कळ भेटतात.

आणि जलरंग ओला असताना मत मागूच नये, तो सुकल्यावर उतरतो. चित्र दिव्याच्या पिवळ्या उजेडातही दाखवू नये. चित्र दाखवायला पुस्तकं थेट ऊन न येणारी उत्तरेची खिडकी सांगतात. ती पुस्तकं बहुतेक युरोपातली. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्यच उत्तरेला कललेला असतो, तेव्हा त्या दिवसांत पडदा लावून बघितलेलं बरं.