मुलांना विचारलं का?

टिळकांच्या बरोबरीने होमरूल चळवळ उभी करणाऱ्या ॲनी बेझंट आपल्याला ठाऊक असतात. पण मुलांच्या ताब्याचे दोन गाजलेले खटले या एकट्या बाईंच्या वाट्याला आले, हे कळल्यावर थक्क व्हायला होतं.

पहिला इंग्लंडातला, १८७८चा. पाद्री नवऱ्यापासून त्या वेगळ्या झाल्या होत्या आणि मुलगी मेबल त्यांच्याकडे होती. आई नास्तिक, त्यात संततिनियमनाचं पुस्तक छापणारी! कोर्टाने लहानग्या मेबलला बापाच्या हवाली केलं.

दुसरा खटला मद्रासचा, म्हणजे आजच्या चेन्नईचा. अड्यारला बेझंटबाईंच्या थिऑसॉफिकल सोसायटीत काम करणाऱ्या जी. नारायणय्यांनी १९१० साली कृष्णमूर्ती आणि नित्यानंद या आपल्या मुलांचं पालकत्व चक्क लिहून बेझंटबाईंना दिलं. दोनच वर्षांत त्यांचं मन फिरलं आणि ते कोर्टात गेले. १९१३मध्ये मद्रास हायकोर्टाने निकाल दिला: मुलं बापाला परत करा. मुलं तर तोवर इंग्लंडात पोचलेली. बाई थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत लढल्या आणि १९१४ साली जिंकल्या. बापाने दिलेला शब्द त्याला मागे घेता येतो, हे कौन्सिलला मान्य होतं. तरीही दावा टिकला नाही. तो मुळात चेंगलपट्टच्या जिल्हा न्यायालयात दाखल झाला होता आणि मुलं त्या हद्दीत राहतच नव्हती. शिवाय एवढ्या भांडणात मुलांना काय हवंय, हे कोणी विचारलंच नव्हतं! कृष्णमूर्ती तर सतरा-अठराचे होते.

आज घटस्फोटाच्या वेळी ताब्याचा प्रश्न आला की न्यायाधीशांपुढे मुलाचाच विचार आधी असतो. कमावतं कोण, चूक कोणाची, यापेक्षा मुलाचं हित कशात, हे वरचढ. १८९०चा पालक व पाल्य कायदा मुलाचं वय, धर्म, पालकाचं चारित्र्य पाहायला सांगतो आणि समज आलेल्या मुलाची इच्छा विचारात घ्यायची मुभा देतो. हिंदूंसाठीचा १९५६चा कायदा पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे ठेवतो, पण हित दुसरीकडे दिसलं तर तोही नियम वाकतो.

इच्छा विचारायची रीतही पाहण्यासारखी. आईबाप बाहेर, मूल न्यायाधीशांच्या दालनात. शाळेच्या, मित्रांच्या गप्पा सुरू होतात. मूल मनातलं बोलतंय की कोणी पढवलेलं, हे त्या गप्पांत ताडायचं असतं. मुलाने एकाचं नाव घेतलं म्हणून निकाल तसाच लागेल असं नाही. इतर बाबींबरोबर तेही तोललं जातं.

१९७३ साली मद्रासच्याच एका ख्रिस्ती दाम्पत्याच्या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला. मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हे की खेळणं नव्हे, असं न्यायालयाने बजावलं. आणखी एक गोष्ट सांगितली: ताब्याचा हुकूम कधीच कायमचा नसतो. परिस्थिती पालटली की तो बदलून मागता येतो. शेतजमिनीचा दावा एकदा निकालात निघाला की संपला. इथे मात्र चार वर्षांचं लेकरू बघता बघता चौदाचं होतं, त्याच्या गरजा बदलतात, आणि कोर्टाला तोच प्रश्न नव्याने विचारावा लागतो.