पोते उचलणारी पाठ आणि रांगणारे मूल



मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की पेरणीला हातात मोजके दिवस मिळतात. बियाणे तयार, तिफण तयार, आणि नेमकी तेव्हाच घरधन्याची कंबर धरली तर? दोन वर्षांमागे माझीच ही गत झाली. सकाळी उठल्या-उठल्या जीपमधून युरियाची गोणी उतरवायला गेलो. ही गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली आहे, पण माझ्या कमरेला त्या पाच किलोंचे काही सुख लागले नाही. पाय ताठ ठेवून वाकलो, हिसका देऊन ओढली, आणि उसण भरली. नऊ दिवस धड बसता येईना. मी डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर आहे. पण त्यानंतर जे शिकलो ते आपल्या कामाचे आहे म्हणून सांगतो.

तालुक्याच्या गावी भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी मला उताणे निजवून पाय वर धरायला लावले. म्हणाल्या, "घरी लहान मूल आहे ना? त्याच्याकडे बघा." मला वाटले, चेष्टा करतात. पण यामागे विचार आहे. चेकोस्लोव्हाकियातील मेंदूविकार तज्ज्ञ वाक्लाव व्होयटा यांनी मेंदूच्या पक्षाघाताने अधू झालेल्या मुलांवर उपचार करताना मूल कसे वळते, कसे रांगते याचा बारकाईने अभ्यास केला. पुढे प्राग शहरातीलच पावेल कोलार यांनी त्यावरून मोठ्या माणसांसाठी व्यायाम बसवले. मूल काही शिकवणीला जात नाही. तीन-चार महिन्यांचे झाले की उताणे पडून पाय उचलून धरते, मग कुशीवर वळते, आठ-नऊ महिन्यांचे असताना रांगते, वर्षा-सव्वा वर्षानंतर उकिडवे बसून खेळणे उचलते. पाठ सावरण्याची रीत त्याला अशी टप्प्याटप्प्याने येते. आपण ती पुढे विसरतो.

आता पाठ सावरते कशी ते पाहू. धान्याने गच्च भरलेले पोते उभे राहते, अर्धे रिकामे पोते मध्येच मोडते. पोटाचेही तसेच. वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ, आणि भोवताली पोटाचे व पाठीचे स्नायू. श्वास घेताना वरचा पडदा खाली येतो आणि चोहोबाजूंच्या स्नायूंनी त्याला धरून ठेवले, की आत दाब तयार होतो. हा दाब मणक्यांना पुढून आधार देतो. पोट आत ओढून छाती फुगवून उभे राहण्याची जी ऐट आहे, तिने हा आधार मिळत नाही.

पहिला व्यायाम असा. सतरंजीवर उताणे निजावे. गुडघे वाकवून पोटऱ्या खाटेवर टेकवाव्यात. बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामधल्या मऊ जागी दोन्ही बाजूंना बोटे ठेवावीत. नाकाने सावकाश श्वास घेताना ती बोटे बाहेर ढकलली गेली पाहिजेत. नुसती छाती वर उचलली जात असेल तर चुकते आहे. मला हे जमायला चार दिवस लागले, तेव्हा घाई करू नये. पाच-सहा श्वास झाले की थांबावे. हे साधले म्हणजे खाट काढून पाय तसेच अधांतरी धरावेत, पण श्वास कोंडू नये.

दुसरा व्यायाम रांगण्याचा. हात खांद्याखाली, गुडघे कमरेखाली ठेवून उजवा हात व डावा पाय थोडा उचलावा, मग बाजू बदलावी. कमरेवर पाण्याची वाटी ठेवली तर सांडू नये इतकी पाठ स्थिर असावी. घरात पोरे हसतील, हसू द्यावीत.

उकिडवे बसणे आपल्याकडे अजून टिकून आहे. खुरपणीला आपण तसेच बसतो. पण ओझे उचलताना नेमके विसरतो. पोते अंगाजवळ घ्यावे, गुडघे व खुबे वाकवावेत, पोटात वर सांगितल्याप्रमाणे श्वास भरावा आणि पायांच्या जोरावर उठावे. उचलून धरलेले असताना कमरेत पीळ देऊ नये. वळायचे तर पाय उचलून वळावे. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो. तो जमिनीवरून हिसक्याने पाठीवर न घेता बांधावर किंवा ओट्यावर ठेवून पट्टे अडकवावेत. भाताच्या लावणीत वाकल्याशिवाय गत्यंतर नाही. तेथे अधूनमधून उभे राहून कंबर सरळ करावी.

एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. रात्रभर आडवे पडल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटीमीटर उंच भरतो. त्या फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास ओझी उचलू नयेत, खोल वाकू नये. शेण काढणे तेवढे थोडे मागे ढकलावे. आधी चालावे, वैरण टाकावी.

हेच व्यायाम इतर सगळ्या व्यायामांहून श्रेष्ठ आहेत, असे मी म्हणणार नाही. नेमाने केलेला कोणताही बेताचा व्यायाम पाठीला उपयोगी पडतो. हे बिनखर्ची आहेत आणि घरात होतात, एवढेच. उसण भरली तर आठ-आठ दिवस खाटेला खिळून राहण्याचा सल्ला आता देत नाहीत. सोसेल तेवढे हिंडते-फिरते राहावे. मात्र पायातली ताकद कमी झाली, जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी तुंबली वा आपोआप होऊ लागली, तर चोळणाऱ्याकडे जाऊ नये. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. पडल्यानंतरचे दुखणे किंवा ताप येऊन दुखणारी पाठ असेल तरीही व्यायाम न करता आधी डॉक्टरांना दाखवावे.