अळिंबी उगवली, व्यवसाय उभा राहील का?
ग्रामीण युवकांच्या प्रशिक्षणात हिशेबाचे स्थान

धिंगरी अळिंबीच्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस बहुधा आनंदाचा असतो. प्रशिक्षणार्थींनी स्वतः भरलेल्या पिशव्या समोर टांगलेल्या असतात, हातात प्रमाणपत्र असते आणि गावी जाऊन शेड उभारण्याचा निश्चय झालेला असतो. खरी परीक्षा त्यानंतरच्या सहा महिन्यांत होते. या काळात जे युवक व्यवसाय सोडतात, त्यांच्यापैकी अनेकांची अळिंबी उत्तम उगवलेली असते. अडते ते विक्रीत, उधारीत आणि हिशेबात.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१५-१६ मध्ये कृषी विज्ञान केंद्रांमार्फत ‘आर्या’ हा प्रकल्प सुरू केला. युवकांना शेतीकडे आकर्षित करणे आणि तेथे टिकवून ठेवणे हे त्याचे उद्दिष्ट होय. अळिंबी, मधमाशीपालन, शेळीपालन, कुक्कुटपालन, रोपवाटिका, प्रक्रिया असे उद्योग त्यात शिकविले जातात. आकर्षित करण्याचे काम तंत्रज्ञान करू शकते; टिकवून ठेवण्यासाठी मात्र व्यवसायाचे व्यवस्थापन शिकवावे लागते.

दिसणारा खर्च आणि खरा खर्च

उदाहरणादाखल २०० किलो कोरड्या काडाची एक बॅच घेऊ. पुढील दर केवळ समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब मांडावा. काडाच्या वजनाच्या ६० टक्के, म्हणजे १२० किलो ताजी अळिंबी मिळाली असे धरू.

काड १,००० रुपये, स्पॉन १,२०० रुपये, पिशव्या ५०० रुपये, वीज, पाणी व इंधन ८०० रुपये, वेष्टन व वाहतूक १,००० रुपये. एकूण ४,५०० रुपये. म्हणजे किलोमागे साडेसदतीस रुपये. बाजारात १५० रुपये भाव मिळाला तर किलोमागे शंभराहून अधिक रुपये नफा दिसतो. बहुतेक युवक याच आकड्यावर शेड वाढवितात.

आता न दिसणारा खर्च पाहू. दोन महिने रोज दीड तास याप्रमाणे घरच्या श्रमाचे सुमारे ११ दिवस होतात. ४०० रुपये रोजाने त्यांचे ४,४०० रुपये होतात. शेड व मांडण्यांवर ६०,००० रुपये गुंतविले आणि त्या पाच वर्षे टिकल्या, तर वर्षाचा घसारा १२,००० रुपये; सहा बॅच घेतल्यास प्रत्येकीवर २,००० रुपये. कर्जाचे व्याज प्रत्येक बॅचवर ८०० रुपये धरू. एकूण खर्च ११,७०० रुपयांवर जातो आणि किलोमागे तो सुमारे ९८ रुपये पडतो.

त्यातही पाचवा हिस्सा माल न विकता खराब झाला, तर विकलेल्या ९६ किलोंवर हाच खर्च किलोमागे सुमारे १२२ रुपये होतो. अशा वेळी व्यापाऱ्याने ११० रुपये भाव दिला, तर प्रत्येक किलोमागे तोटा सोसावा लागतो. तरीही खिशात रोख येत असल्याने तो जाणवत नाही. धिंगरीस साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. कडक उन्हाळ्यामुळे वर्षात चारच बॅच निघाल्या, तर घसारा व व्याज चार बॅचवरच विभागावे लागते आणि खर्च आणखी वाढतो.

बाजार आधी, शेड नंतर

ताजी धिंगरी साध्या तापमानात जेमतेम एक दिवस आणि शीतकपाटात तीन-चार दिवस टिकते. त्यामुळे ग्राहक शोधण्याचे काम काढणीनंतर सुरू करून भागत नाही. पिशव्या भरण्यापूर्वी खाणावळी, भाजी विक्रेते आणि परिचित कुटुंबे यांची यादी करावी. कोण, कोणत्या वारी, किती किलो घेईल आणि पैसे केव्हा देईल, हे लिहून घ्यावे. सर्व पिशव्या एकाच दिवशी न भरता दर आठवड्यास थोड्या भरल्यास काढणीही विभागून येते.

उरलेला माल वाळवावा, हा सल्ला योग्य असला तरी त्याचाही हिशेब हवा. सुमारे दहा किलो ताज्या अळिंबीपासून एक किलो वाळलेली मिळते. वरील खर्चाने एक किलो वाळलेल्या मालाची किंमत वाळवणीपूर्वीच ९७५ रुपये होते. त्याहून पुरेसा अधिक भाव देणारा ग्राहक आधी शोधला पाहिजे.

कीर्द, खतावणी आणि उधारी

प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यास तीन वह्या ठेवण्यास शिकवावे. रोजच्या जमाखर्चाची कीर्द, प्रत्येक बॅचचे काड, स्पॉन व उत्पादन दाखविणारी नोंदवही, आणि ग्राहकनिहाय उधारीची खतावणी. घरखर्च व व्यवसायाचा पैसा वेगळा ठेवावा. त्यासाठी स्वतंत्र बँक खाते उत्तम. पुढील बॅचचे स्पॉन घेण्याइतके खेळते भांडवल हाताशी नसेल, तर वहीत नफा असूनही शेड रिकामी राहते.

शासकीय साहाय्याचेही असेच आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद आहे. कृषी पदवीधरांसाठी २००२ पासूनच्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण आणि कर्जावरील अनुदान मिळते. ही संधी मोलाची आहे. परंतु हप्ता भरावा लागतो तो विक्रीच्या पैशातूनच. अनुदान वगळूनही जो व्यवसाय तग धरतो, त्यासाठीच कर्ज घ्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रासोबत प्रत्येकाने स्वतःच्या गावचे दर घालून केलेला एक पानाचा हिशेब तपासावा. पहिली बॅच घरातील रिकाम्या खोलीत वीस-पंचवीस पिशव्यांची घ्यावयास सांगावी. कर्जाचा प्रस्ताव त्या बॅचच्या विक्रीनंतरच करावा. पुढील सहा महिने दरमहा एकदा भेट द्यावी आणि शेड पाहण्यापूर्वी वही पाहावी. वहीतील आकडे प्रतिकूल असतील, तर थांबण्याचा सल्ला स्पष्टपणे द्यावा.

वीस पिशव्यांच्या बॅचमध्ये झालेला तोटा पेलता येतो. कर्ज काढून बांधलेली शेड ओस पडली, तर घरची बचत जाते आणि शेतीत काही घडू शकते हा तरुणाचा विश्वासही जातो. तो पुन्हा मिळविणे दुसरे प्रशिक्षण देण्याइतके सोपे नसते.