निळ्या रंगाची साक्ष

भंडारा-नागपूर महामार्गावरील शहापूर ज्या वैनगंगेच्या खोऱ्यात वसले आहे, तेथे पाण्याची पारख परंपरेने चवीवरून, वासावरून आणि त्यात डाळ शिजते की नाही यावरून होत आली. दुष्फेन, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेल्या पाण्यात साबणाचा साका होतो, पण डिटर्जंटला तेथेही फेस येतो; म्हणूनच कपड्यांच्या पावडरीने साबणाला हटवले आणि तिचे अवशेष नाल्यात, तलावात, नदीत पोहोचू लागले. नागपूरचे सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, त्यामुळे गोसीखुर्द जलाशयाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ गावच्या धोबीघाटापुरता राहत नाही.

फेस दिसला की डिटर्जंट, हा समज मात्र फसवा आहे, कारण कुजलेली पाने आणि शेवाळ यांतील सेंद्रिय द्रव्येही पाणी फेसाळवतात, उलट निर्मळ दिसणाऱ्या पाण्यात डिटर्जंट असू शकतो. प्रयोगशाळेत त्यामुळे मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याची साक्ष घेतात: धनभारित असलेला हा रंग एकटा पाण्यातच राहतो, परंतु ऋणभारित डिटर्जंटशी त्याची जोडी जमली की ती क्लोरोफॉर्म या पाण्याहून जड द्रवात उतरते, आणि तळाच्या थराची निळाई जितकी गडद तितका डिटर्जंट अधिक. ही निळाई वर्णमापीवर सुमारे ६५२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. साधा साबण या चाचणीला प्रतिसाद देत नाही. क्लोराइड व नायट्रेट यांचे मोठे प्रमाण मात्र खोटी वाढ दाखवू शकते, म्हणून क्लोरोफॉर्मचा थर पुन्हा धुऊन घेतात.

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात ऋणभारित डिटर्जंटची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास १.० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. इतक्या सूक्ष्म मोजणीत डिटर्जंटने घासून नीट न विसळलेली बाटलीच नमुना बिघडवते, हा या चाचणीतला गमतीचा पण नेहमीचा धोका होय. पृष्ठभागावरचा फेसही बाटलीत घ्यावयाचा नसतो, कारण डिटर्जंट तेथेच एकवटतो. शिवाय जिवाणू तो पचवत असल्याने नमुना थंड ठेवून लवकर तपासावा लागतो. क्लोरोफॉर्मची वाफ घातक असल्याने हे काम ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नव्हे, वायुवीजनाची सोय असलेल्या प्रयोगशाळेतच करणे भाग पडते.