वजूचे पाणी आणि कुंडीतले चुकंदर

लातूरकर २०१६ चा उन्हाळा विसरलेले नाहीत. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर. त्या दिवसांत आमच्या घराला एक शिस्त लागली. वजू नळाखाली करायचा नाही, लोट्याने करायचा आणि खाली परात ठेवायची. नबी करीम (सल्ल.) एक मुद्द, म्हणजे लिटरपेक्षाही कमी पाण्यात वजू करत, हे मुलांना नव्याने सांगावे लागले नाही. रिकामा हंडा समोरच होता.

परातीतले पाणी गटारात ओतवेना. ते झाडांना घालावे का, अशी अम्मींना शंका होती. मोहल्ल्यातील मौलाना साहेब म्हणाले, या पाण्याने पुन्हा वजू होत नाही, पण ते पाक आहे, खुशाल घाला. तेव्हापासून त्या पाण्यावर आम्ही गच्चीवर चुकंदर, म्हणजे बीट लावतो. साबणाचे पाणी तेवढे वेगळे ठेवतो.

चुकंदरच का? सहीह बुखारीत हजरत सहल बिन साद (रजि.) यांनी सांगितलेली हकीकत आहे. मदीन्यातील एक बाई आपल्या शेतात पाटाच्या कडेने ‘सिल्क’ लावत. उर्दू अनुवादांत तिला चुकंदर म्हटले आहे. ती बीटच्याच कुळातली भाजी. जुम्याच्या दिवशी त्या ती मुळासकट उपटून मूठभर जवाच्या पिठाबरोबर शिजवत. त्यात गोश्त नसे. त्याची जागा ती मुळे घेत. नमाजनंतर सहाबा त्यांच्याकडे जात आणि त्या जेवणासाठी जुम्याची वाट पाहत. पाटाच्या कडेचे पाणी आणि साधी भाजी, एवढ्यावर ती मेहमाननवाजी होती.

आपल्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हा पेरणीचा चांगला काळ. फूटभर खोल कुंडी किंवा जुनी बादली घ्या, तळाला भोके पाडा. आपली काळी माती वाळली की दगड होते, म्हणून तिच्यात तितकेच कुजलेले शेणखत व वाळू मिसळा. बी रात्रभर भिजवून अर्धा-पाऊण इंच खोल, चार-चार इंचांवर टोचा. बीटच्या एका बीतून दोन-तीन रोपे येतात. एक ठेवून बाकीची कात्रीने कापा आणि कोशिंबिरीत घाला. पाणी थोडे पण नियमित हवे. कधी कोरडे, कधी चिखल झाले की कंद तडकतो. साधारण ६० ते ७० दिवसांत कंद लिंबापेक्षा मोठा झाला की काढा. फार ठेवला तर दोरे धरतो.

पहिल्या वर्षी आम्ही प्रेमापोटी खत जास्त घातले. पाला कमरेला लागेल की काय असे वाटले, आणि खाली कंद बोटाएवढा! नांदेडहून आलेल्या आपा हसल्या, पण त्यांनीच तो पाला चिरून तुरीच्या डाळीत शिजवला आणि वर लसणाची फोडणी दिली. बाजारात पाला बहुधा तोडून टाकलेला असतो. खरे तर कंदापेक्षा पाल्यातच लोह जास्त असते.

बीट लाल म्हणून रक्त वाढवते, असा समज घरोघरी आहे. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. अशा मुलीला बीटचा रस देऊन डॉक्टरांची गोळी बंद करू नका. बीटमध्ये फोलेट चांगले असते, पण लोह बेताचेच. पाल्याच्या भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा नको. मुतखड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका.

चुकंदर गोश्त करताना कांदा, आले-लसूण, हळद, तिखट आणि धणे परतून गोश्त जवळजवळ शिजू द्या, मगच बीटच्या फोडी घाला. आधी घातल्या तर त्या विरघळतात. शेवटी लिंबू पिळा. बीटचा गोडवा तुटतो आणि रंगही खुलतो. गोश्त पावशेरच असेल तर फोडी वाढवा, सहा माणसांना पुरते.

आमच्या आठ कुंड्यांतून वर्षभराची भाजी निघत नाही. पण एखाद्या जुम्याला पातेले भरते, आणि एक वाटी शेजारी जाते.