अवरोहणवाचक शब्द

वरून खाली जाण्याची किंवा येण्याची क्रिया दर्शविणारे शब्द. ही क्रिया सर्व मानवसमाजांत घडत असल्याने तिचे वाचक शब्द बहुतेक भाषांत मूळचे असतात व भाषांच्या तौलनिक अभ्यासात त्यांना महत्त्व असते. मात्र अशा शब्दांतील साम्य पारखून घ्यावे लागते. अर्थाचे साम्य मानवी अनुभवाच्या समानतेतून आणि उच्चाराचे साम्य योगायोगानेही संभवते. भाषांचे नाते सिद्ध होते ते ध्वनींच्या नियमित अनुरूपतेने.

मराठी व शेजारच्या भाषा : मराठीतील ‘उतरणे’ हे क्रियापद संस्कृत ‘उत्+तॄ’ (उत्तरति), प्राकृत ‘उत्तरइ’ यांपासून आले. हिंदी ‘उतरना’ व गुजराती ‘ऊतरवुं’ ही त्याचीच भावंडे होत. यातील ‘उत्’ हा उपसर्ग ‘वर’ या अर्थाचा, तर ‘तॄ’ हा धातू तरून जाण्याचा वाचक आहे. म्हणजे मूळ अर्थ ‘पाण्यातून वर येणे, पैलतीरास लागणे’ असा होता. पैलतीरास लागलेला माणूस नावेतून पायउतार होतो. त्यावरून नाव, रथ, घोडा यांवरून खाली येणे आणि पुढे कोणत्याही उंचीवरून खाली येणे असा अर्थविस्तार झाला. संस्कृतातच ‘उत्तरति’चा हा दुसरा अर्थ रूढ झालेला दिसतो. ‘वर’ दाखविणारा उपसर्ग पोटात असलेला शब्द अशा रीतीने ‘खाली’ जाण्याचा वाचक बनला. ‘खाली’ या अर्थाचा ‘अव’ उपसर्ग असलेला ‘अवतरणे’ हा शब्द मराठीत मुख्यतः ग्रांथिक वापरात राहिला. नदीतील पायवाटेस ‘उतार’ व प्रवाशास ‘उतारू’ म्हणतात, त्यांत मूळच्या जलतरणाची खूण शिल्लक आहे. ‘घाट’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे नदीकाठच्या उतरत्या पायऱ्या; मराठीत तोच शब्द डोंगर उतरण्याच्या वाटेस लागू झाला.

कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापूर (शाहूवाडी तालुका) हे एके काळी विशाळगड जहागिरीचे ठाणे होते. तेथून पश्चिमेस जाणारा रत्नागिरीचा रस्ता आंबा घाटातून साखरप्याकडे उतरतो. या परिसरात, तसेच सह्याद्रीच्या माथ्यावर सर्वत्र, ‘खाली’ म्हणजे कोकणात आणि ‘वर’ म्हणजे घाटावर किंवा देशावर असा संकेत आहे. उंचसखलपणाचे शब्द येथे दिशावाचकाचे काम करतात.

सर्व आर्य भाषांत मात्र ‘उतरणे’ प्रचारात नाही. बंगालीत ‘वाकणे’ या अर्थाच्या ‘नम्’ धातूपासून आलेले ‘नामा’ हे क्रियापद रूढ आहे, तर कोकणीत ‘देंवप’ असे म्हणतात. कन्नड ‘इळि’ व तमिळ ‘इऴि’ हे शब्द परस्परांशी सगोत्र असून त्यांचा उगम द्राविडी आहे. कोल्हापूरच्या सीमाभागात ‘उतरणे’ व ‘इळि’ शेजारी नांदतात. अर्थ एक असूनही त्यांची कुळे भिन्न आहेत.

ऑस्ट्रोनेशियन भाषा : पश्चिमेस मादागास्करपासून पूर्वेस ईस्टर बेटापर्यंत पसरलेल्या या समूहात बाराशेच्या आसपास भाषा मोडतात. त्यांच्या ध्वनिनियमांची पद्धतशीर मांडणी जर्मन अभ्यासक ओटो डेंपवोल्फ यांनी १९३४–३८ या काळात केली. मलायमध्ये उतरण्यास ‘तुरुन’ म्हणतात. मलायने ‘राजा’, ‘गुरु’, ‘भाषा’ (‘बहासा’) असे अनेक संस्कृत शब्द स्वीकारलेले असल्याने ‘तुरुन’ हाही ‘तॄ’ धातूपासून आला असावा, असे मराठी वाचकास सहज वाटेल. बाली बेटाच्या भाषेतील पुराव्याने हा तर्क खोटा ठरतो. बालीमध्ये हा शब्द ‘तुउन’ असा आहे. मूळ भाषेतील एका विशिष्ट रकाराच्या जागी मलायमध्ये ‘र’ राहिला. बालीमध्ये शब्दाच्या आरंभी व मध्यभागी तो लोपला आणि अंती त्याचा ‘ह’ झाला. उदा., ‘शंभर’ या अर्थी मलाय ‘रातुस’, बाली ‘आतुस’. ‘अंडे’ या अर्थी मलाय ‘तलुर’, बाली ‘तालुह’. संस्कृतातून आलेल्या ‘गुरु’, ‘सूर्य’ या शब्दांत मात्र बालीने ‘र’ जपला आहे. यावरून ‘तुरुन’ हा उसना नसून वारशाने आलेला शब्द ठरतो.

फिलिपीन्समधील टागालोगमध्ये ‘बुमाबा’ (उतरणे) हे क्रियापद ‘बाबा’ या शब्दात ‘उम’ हा मध्यप्रत्यय घालून होते. हा ‘बाबा’ मलाय ‘बावाह’ (खाली) याचा सगोत्र आहे. तोच मध्यप्रत्यय जुन्या जावानीजमधील ‘तुमुरुन’ या रूपात दिसतो. माओरीत ‘हेके’ म्हणजे उतरणे, तसेच स्थलांतर करणे.

या समूहातही उतार व दिशा यांची सांगड आढळते. मूळ भाषेत ‘दाया’ म्हणजे समुद्रापासून आत, नदीच्या वरच्या अंगास आणि ‘लाहुद’ म्हणजे समुद्राच्या बाजूस. मलायमध्ये ‘लाउत’ म्हणजे समुद्र. लूझॉन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील इलोकानो भाषेत ‘लाउद’ म्हणजे पश्चिम व ‘दाया’ म्हणजे पूर्व. बालीमध्ये ‘काजा’ म्हणजे पर्वताकडे व ‘कलोद’ म्हणजे समुद्राकडे. त्यामुळे बेटाच्या दक्षिण भागात ‘काजा’चा अर्थ उत्तर, तर उत्तर भागात दक्षिण असा होतो. घाटावरच्या माणसाचे ‘खाली’ पश्चिमेस असते, त्याचेच हे दुसरे रूप होय.

लाक्षणिक अर्थ : मराठीत भाव उतरतो व बापाचे गुण मुलात उतरतात. मलायमध्येही किंमत ‘तुरुन’ होते आणि ‘कतुरुनान’ म्हणजे वंश. मजकूर उतरून घेण्यावरून मात्र मराठीत ‘सातबारा उतारा’ यातील ‘उतारा’ आला. हा विस्तार नदी ओलांडण्याच्या जुन्या अर्थाशी जुळणारा आहे, कारण येथे मजकूर एका कागदावरून दुसऱ्यावर जातो. अर्थविस्ताराचे असे समांतर मार्ग भाषांच्या नात्याचा पुरावा ठरत नाहीत. मात्र परस्परांशी संबंध नसलेले समाज एकाच अनुभवावरून सारखी रूपके कशी घडवितात, हे त्यांतून स्पष्ट होते.