शहरात रुळण्याची वाट : पुण्याचे उदाहरण

शिक्षण किंवा नोकरीच्या निमित्ताने मोठ्या शहरात येणाऱ्या माणसाच्या वाट्याला सुरुवातीची काही वर्षे बहुधा तीनच जागा येतात : राहण्याची खोली, कामाचे ठिकाण आणि त्या दोहोंमधला रस्ता. भाडे, पगार, परीक्षा आणि वाहतूक यांच्या हिशेबात दिवस सरतो आणि सोयी पुरवून पैसे घेणारी एक यंत्रणा, एवढाच शहराचा अनुभव पदरी पडतो. नाट्यगृहे, ग्रंथालये, टेकड्या आणि जुन्या पेठा त्याच्या अवतीभवती असतात, पण त्यांच्याशी त्याचे नाते फार तर गिऱ्हाइकाचे असते. याउलट ज्याने एखाद्या सामुदायिक कामाचा लहानसा का होईना, पण ठरलेला वाटा उचलला आहे, त्याला नावाने हाक मारणारी माणसे मिळतात आणि तो आला नाही तर कुणाचे तरी अडते. नागर जीवनाचा आस्वाद घेणे हे खर्चाच्या ऐपतीपेक्षा अशा सहभागावर अधिक अवलंबून असते, हे विधान तपासून पाहण्यासाठी पुणे हे शहर सोयीचे आहे.

पुण्यात बाहेरून येणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. १८८५ मध्ये स्थापन झालेले फर्ग्युसन महाविद्यालय आणि १९४९ मध्ये सुरू झालेले विद्यापीठ यांनी विद्यार्थी आणले, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी कामगार आणले आणि हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाने देशभरातील अभियंते आणले. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे हद्दीत आल्याने शहराचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पलीकडे गेले. अशा शहरात ‘अस्सल पुणेकर’ ही ओळख जन्मावरून ठरवणे दिवसेंदिवस अवघड होत जाते आणि शहराशी नाते कसे जोडावे हा प्रश्न अल्पसंख्य नवख्यांपुरता राहत नाही.

सवडीचे काम, शिस्तीचे काम

स्वयंसेवा म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, स्वतःच्या सवडीने पण ठरलेल्या शिस्तीने केलेले सार्वजनिक काम. १८७० मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक सभा आणि १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेला भारत सेवक समाज यांनी पुण्यात अशा कामाला संघटित रूप दिले. आज त्याचे स्वरूप पुष्कळ विखुरलेले आहे आणि नवख्याला शिरकाव करणे त्यामुळेच सोपे झाले आहे.

टेकड्यांचे उदाहरण पाहावे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई आणि पर्वती येथे पहाटे फिरायला जाणे ही पुण्याची रूढ सवय आहे. कातळावर मातीचा थर पातळ असल्याने तेथे लावलेले रोप पावसाळ्यात तग धरते आणि पहिल्या उन्हाळ्यात वाळते. म्हणून फिरायला येणारी अनेक मंडळी मार्च ते मे या काळात पाण्याच्या बाटल्या किंवा कॅन घेऊन चढतात, ठरवून घेतलेल्या रोपांच्या आळ्यात पाणी ओततात आणि आळ्यावर पालापाचोळा पसरतात, जेणेकरून ओल टिकावी. हे काम दोन-तीन उन्हाळे केलेल्या माणसाला झाडांची पारख आपोआप येऊ लागते. पूर्वी मोठ्या प्रमाणावर लावलेला परदेशी गिरिपुष्प आणि टेकडीवर मुळात वाढणारे सालई, मेडशिंगी, गणेर यांतील फरक त्याला दुरून कळतो आणि सरसकट वृक्षारोपणाने टेकडीवरची गवताळ कुरणे नष्ट होतात, या आक्षेपाचा अर्थही उमगतो. टेकडी फोडून रस्ता किंवा बोगदा काढण्याच्या प्रस्तावांना २०२२-२३ च्या सुमारास जो विरोध झाला, त्याच्या मुळाशी अशी रोजची ओळख होती.

नदीकाठाचा एखादा पट्टा दत्तक घेऊन दर आठवड्याला तो स्वच्छ करणारे आणि तेथील पाणी, पक्षी व वनस्पती यांच्या नोंदी ठेवणारे गट मुळा आणि मुठा या दोन्ही नद्यांवर आहेत. कचऱ्याच्या बाबतीत तर सहभागाची सुरुवात उंबरठ्यावरच होते. कचरावेचकांच्या संघटनेतून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी झालेल्या कराराने घरोघरचा कचरा गोळा करते आणि तिचे सभासद असलेले कचरावेचक, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, सुक्या कचऱ्यातील भंगार विकून मिळकतीत भर घालतात. एखाद्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करण्याची व्यवस्था बसवून देणारा रहिवासी केवळ परिसर स्वच्छ ठेवत नाही. घाणीत हात घालून काम करणाऱ्या बाईचे कष्ट तो कमी करतो आणि रोज दाराशी येणाऱ्या त्या बाईचे नावही बहुधा त्याला याच निमित्ताने प्रथम कळते.

मांडवात, मंचामागे आणि बैठकीत

संस्कृती हा शब्द पुण्यात पुष्कळदा तिकिटाच्या खिडकीशी जोडला जातो, परंतु या शहराच्या सांस्कृतिक जीवनाचा मोठा भाग विनामूल्य किंवा अल्प खर्चात खुला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही उन्हाळ्यात भरते आणि अर्थकारणापासून संगीतापर्यंतच्या विषयांवरील व्याख्यान ऐकायला तेथे कुणीही जाऊन बसू शकतो. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या महोत्सवात डिसेंबरच्या थंडीत भारतीय बैठकीवर हजारो श्रोते बसतात. रागसंगीताची तालीम नसलेल्या माणसालाही तेथे शेजारच्या जाणत्या श्रोत्याची दाद पाहून कुठे थांबायचे आणि कुठे मान डोलवायची हे हळूहळू समजू लागते, आणि रसिकता अशी संगतीने शिकता येते ही या मैफलींची खरी देणगी आहे.

श्रोता होण्याच्या पुढची पायरी म्हणजे निर्मितीत हात लावणे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून घेत असलेली पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा त्याचे ठळक उदाहरण होय. एकांकिका म्हणजे एका अंकात, साधारण तासाभराच्या आत संपणारे नाटक. मंचावर दिसणाऱ्या मोजक्या नटांमागे नेपथ्य उभारणारे, प्रकाशयोजनेची सूत्रे सांभाळणारे, पार्श्वसंगीताच्या जागा पाठ असलेले आणि तालमीला चहा आणणारे कितीतरी विद्यार्थी असतात, आणि गावाकडून आलेल्या, अभिनयाला बिचकणाऱ्या मुलाला बहुधा याच मागच्या दाराने नाटकात प्रवेश मिळतो.

ढोल-ताशा पथकांनी हेच दार आणखी रुंद केले आहे. गणेशोत्सवाच्या सुमारे दोन महिने आधीपासून नदीकाठी आणि मोकळ्या मैदानांवर संध्याकाळी सराव सुरू होतो. एका हातातील टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप यांचा मेळ बसेपर्यंत नवा वादक हातांना फोड येईतो वाजवत राहतो, कमरेला बांधलेल्या ढोलाचे वजन पेलायला शिकतो आणि ताशाची तर्री ऐकून ठोका बदलण्याचा इशारा ओळखू लागतो. महाविद्यालयीन मुली, बँकेतील कर्मचारी आणि संगणक अभियंते एकाच रांगेत उभे राहतात, हे पथकांचे सामाजिक महत्त्व आहे. मात्र पथकांची संख्या आणि आवाज यांविषयीची तक्रारही तितकीच खरी आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात ३० वादकांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तरी वादकाचा आनंद आणि काठावरच्या घरातील वृद्धाची झोप यांचा तोल साधण्याचा प्रश्न सुटलेला नाही.

पानातला शेजार

शहरातील खाद्यजीवनाचे वर्णन बहुतेकदा प्रसिद्ध दुकानांच्या यादीने संपते. वास्तविक पुण्यातील खाण्याचा इतिहास हा परगावच्या माणसाला जेवू घालण्याचा इतिहास आहे. गरीब विद्यार्थ्याने आठवड्यातील सात दिवस सात घरी जेवणे, म्हणजेच वार लावून जेवणे, ही एके काळची रीत होती. ती बहुतांशी जातीच्या चौकटीत चाले आणि त्या चौकटीबाहेरच्या मुलांना तिचा लाभ क्वचितच मिळे. पुढे खानावळी आल्या, मग मेस आणि घरपोच डबे आले, आणि पैसे देऊन जेवणाऱ्याला जात विचारण्याचे कारण हळूहळू उरले नाही. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’ या उपक्रमाने तर कष्टकऱ्यांना परवडणाऱ्या दरात पोटभर जेवण देणे हे संघटनेचे काम मानले.

अमृततुल्य चहाची दुकाने ही याच इतिहासाची दुसरी बाजू. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी विसाव्या शतकात हा व्यवसाय पुण्यात रुजवला. पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर, चहापूड आणि खलबत्त्यात कुटलेले आले-वेलदोडे एकत्र उकळायचे, डावाने चहा वर उचलून पुन्हा ओतत राहायचे आणि मग फडक्यातून किटलीत गाळायचा, अशी ही कृती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चालते. डेक्कनवर १९३५ पासून असलेल्या गुडलक कॅफेतील बन-मस्का, लष्कर भागातील १९५५ च्या कयानी बेकरीची श्रूजबरी बिस्किटे आणि अमृततुल्यातील चहा या तिन्ही गोष्टी आज पुण्याच्या मानल्या जातात, आणि तिन्ही येथे बाहेरून येऊन स्थिरावलेल्या समाजांनी दिलेल्या आहेत.

खाणे आणि सेवा यांची गाठ सर्वांत स्पष्ट दिसते ती आषाढी वारीत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते, तेव्हा वारकऱ्यांना जेवू घालणे, पाय चेपून देणे, दाढी-कटिंग करणे, तुटलेल्या चपला शिवून देणे अशा सेवा शहरभर चालतात. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुणांची ‘आयटी दिंडी’ या वाटचालीत सामील होते, आणि ज्यांचे एरवीचे आयुष्य वातानुकूलित कार्यालयात जाते, त्यांना मराठवाडा-विदर्भातून चालत आलेल्या शेतकऱ्याशी सलग काही तास बोलण्याची संधी मिळते.

छंदातून निघणारा रोजगार

सहभागाचा आणखी एक लाभ कामाच्या रूपाने पदरात पडतो, आणि मोडी लिपीचे उदाहरण येथे बोलके आहे. पेशवे दफ्तर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुणे पुराभिलेखागारात कोट्यवधी कागद असून त्यांतील बहुसंख्य मोडीत आहेत. मोडी ही बोरू शक्यतो न उचलता, आधी शिरोरेघ ओढून घेऊन तिच्याखाली सलग लिहिण्याची लिपी आहे. तिच्यात शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो, त्यामुळे वाचकाला संदर्भावरून शब्द तोडावे लागतात. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि अन्यत्र चालणाऱ्या वर्गांना आवड म्हणून येणाऱ्यांत नोकरदार, गृहिणी आणि निवृत्त माणसे मोठ्या संख्येने असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा जुने दस्तऐवज वाचू शकणाऱ्यांची टंचाई एकाएकी जाणवली आणि हौसेने शिकलेल्या विद्येला सरकारी कामात मागणी आली. जमिनीचे जुने कागद वाचून देवनागरीत उतरवून देणे हे आज अर्थार्जनाचे साधन आहे.

कसबा पेठेतील तांबट आळीतही असाच नवा मेळ दिसतो. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासार समाजाचे कारागीर तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे सारखे ठोके देऊन मठारकाम करतात. त्यामुळे भांड्याला मजबुती आणि विशिष्ट चकाकी येते. बंब आणि घंगाळांची मागणी घटल्यानंतर तरुण रचनाकारांनी या कसबाला दिवे आणि शोभेच्या वस्तूंकडे वळवण्याचे प्रयत्न केले. एकांकिकेच्या मंचामागे प्रकाशयोजना शिकलेल्या मुलाला पुढे चित्रीकरणात काम मिळणे, झाडांच्या नोंदी करणाऱ्या मुलीने पर्यावरण-सर्वेक्षणाकडे वळणे, या घडामोडीही त्याच जातीच्या आहेत. अर्थात, फुकट राबवून घेण्याला ‘अनुभव’ म्हणण्याची प्रथा वाढते आहे. जेथे कामाचा नफा दुसऱ्या कुणाच्या खिशात जातो तेथे ती स्वयंसेवा नसते, हा भेद नवख्याने जपला पाहिजे.

हे सारे सर्वांना सारखे उपलब्ध नाही, ही या मांडणीची मर्यादा आहे. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत दिवसभर बसणारा विद्यार्थी सांस्कृतिक केंद्राच्या मधोमध राहूनही त्यापासून दूर असतो, कारण घरून येणाऱ्या पैशांचे आणि उलटणाऱ्या वयाचे दडपण त्याला सवड देत नाही. वाघोली किंवा हिंजवडीत राहणाऱ्याला संध्याकाळच्या व्याख्यानासाठी टिळक रस्ता गाठणे म्हणजे अर्धा दिवस मोडणे असते. घरपोच खाद्यपदार्थ पोचवणारा तरुण शहराची प्रत्येक गल्ली ओळखतो, परंतु त्या गल्लीत थांबण्याइतका वेळ त्याच्या वेळापत्रकात नसतो. रात्री उशिरा संपणाऱ्या तालमीहून परतण्याचा प्रश्न मुलींना मुलांपेक्षा अधिक भेडसावतो, आणि मराठी न येणाऱ्याला निमंत्रण असूनही परके वाटू शकते.

म्हणूनच नवख्याला ‘शहरात मिसळा’ असा उपदेश करून भागत नाही. संस्थांनाही आपली दारे त्याच्या सोयीने उघडावी लागतात. व्याख्याने आणि वाचनालये उपनगरांत नेणे, स्वयंसेवेच्या कामाला निश्चित वेळ, लहान जबाबदारी आणि शिकवणारा जुना कार्यकर्ता देणे, तालमीनंतरच्या वाहतुकीची सोय पाहणे आणि मराठी नीट न बोलणाऱ्याला चुका करू देणे, या गोष्टींना फार पैसा लागत नाही. नवख्याच्या बाजूनेही सर्व काही एकदम करून पाहण्यापेक्षा एक काम निवडून ते एखादे वर्ष नेमाने करणे अधिक उपयोगी ठरते, कारण ओळखी, रुची, चवी आणि संधी या त्या नेमाच्या मागून येतात. ज्या शहराने वार लावून जेवणाऱ्या मुलापासून आयटी अभियंत्यापर्यंत प्रत्येक पिढीतील परगावकऱ्यांना जागा दिली, त्या शहराची पुढची घडणही येणाऱ्यांना केवळ भाडेकरू मानले जाते की कामातले भागीदार, यावर ठरणार आहे.